सात वारस आणि एक घड्याळ

फ्रँकफर्ट,
कोजागिरीनंतरचा रविवार

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तिकडे तासगावात फळछाटणी उरकत आली असेल आणि डावणी रोगाच्या धास्तीने तुमचा डोळा आभाळाला लागला असेल. इकडे सगळा उलटा कारभार, द्राक्षकाढणी आत्ता चालू आहे. ‘जर्मनीत आहेस तर एखादी बाग बघून ये, बिअर काय सगळेच बघतात,’ असं तुम्ही बजावलं होतंत. म्हणून मोझेल नदीकाठच्या वेलेन गावी जाऊन आलो. तुम्ही माळकरी, तेव्हा पत्राचे भाग पाडले आहेत. बागेचा भाग तुमच्यासाठी, बाटलीचा अण्णाकाकांसाठी. काकांनी आपला भाग मोठ्याने वाचू नये.

आधी जमीन. असली जमीन कोणी फुकट दिली तरी तुम्ही घेणार नाही. गावासमोर नदी आणि नदीपलीकडे उभी टेकडी. चढ काही ठिकाणी ६०-७० टक्के, म्हणजे शंभर फूट पुढे सरकायचं तर साठ-सत्तर फूट वर चढायचं. माती अशी नाहीच, नुसत्या पाटीच्या दगडाच्या करड्या-निळ्या कपच्या. पाय ठेवला की खळखळ घसरतात. तुमच्या सूनबाई नवे बूट घालून आल्या होत्या. त्या अर्ध्या वाटेवरून बसत बसत खाली आल्या आणि दिवसभर माझ्याशी जर्मनमध्ये बोलल्या.

पण या कपच्या हेच इथलं भांडवल. दिवसा तापतात, रात्री ऊब सोडतात, पाणी धरून ठेवत नाहीत. आमचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत अशा मुलखात द्राक्ष पिकतं ते या दगडाच्या आणि उन्हाकडे तोंड केलेल्या उताराच्या जिवावर. रिझलिंग हे इथलं वाण. ट्रियरच्या धर्मसत्ताधीशाने १७८७ मध्ये हुकूम काढला होता की हलकी वाणं उपटा आणि चांगली लावा. आपल्याकडे कृषी खात्याचं पत्रक निघतं तसं नव्हे, लोकांनी ऐकलं.

जुन्या पद्धतीच्या लागणीत मांडव नाही, तारा नाहीत. प्रत्येक वेलाला एक खांब. दोन काड्या डावी-उजवीकडे वाकवून त्याच खांबाला बांधायच्या, की बदामाचा आकार होतो. शिवाय काही जुने वेल अजून स्वतःच्याच मुळांवर उभे आहेत. फिलॉक्सेरा किडीने एकोणिसाव्या शतकात युरोपभरच्या बागा खाल्ल्या, पण या दगडात तिचं फारसं चाललं नाही. तुमच्यासारखं डॉगरीज खुंटावर कलम करायची गरजच पडली नाही. ट्रॅक्टर अर्थातच चढत नाही. एका रुळावरून चढणारी छोटी गाडी असते, बाकी सगळं हाताने. ‘आजोबांचा ब्लोअर इथे कसा चढवायचा?’ असं पोराने विचारलं. तर मोझेलच्या अशा चढांवर फवारणी हेलिकॉप्टरने करतात. भाव मुद्दाम काढला नाही, तुम्ही सोसायटीत कर्जाला अर्ज टाकाल.

आता अण्णाकाका, चष्मा लावा.

इथे वाइनची पायरी ठरते ती काढणीच्या वेळी रसात साखर किती यावर, आणि १९७१ पासून तसा कायदाच आहे. काबिनेट, श्पेटलेझ, आउसलेझ अशा पायऱ्या चढत जातात. काबिनेट सगळ्यांत हलकी. साखर थोडी राखून आंबवणं थांबवतात, त्यामुळे गोडसर लागते आणि मद्यार्क जेमतेम ८-९ टक्के. पण मागून असा आंबटपणा येतो की गोडी जिभेवर रेंगाळत नाही. गावातल्या खानावळीत एक पेला घेतला. (बाबा, तुम्ही अजून वाचताय का?)

सगळ्यांत वरच्या पायरीचं नाव लिहायला या कागदाची रुंदी पुरणार नाही. तिच्यासाठी घडांवर बोट्रायटिस नावाची बुरशी यावी लागते! ती मण्यांची साल झिरझिरीत करते, आतलं पाणी उडून जातं आणि मणी वेलावरच बेदाण्यासारखे सुरकुततात. आपण साखर १८ ब्रिक्स झाली की घड उतरवतो. यांचा रस ३५ च्या घरात जातो. मग एकेक मणी हाताने वेचायचा. अशी बाटली ट्रियरच्या लिलावात हजारो युरोंना जाते. आपण बुरशी दिसली की रात्री-अपरात्री पंप काढतो. इथला बागायतदार ती दिसली की खूश होतो.

शेवटचा भाग दोघांनी एकत्र बसून वाचायचा आहे.

टेकडीच्या मधोमध, कातळावर, एक मोठं सूर्यघड्याळ आहे. १८४२ मध्ये योडोकुस प्र्युम नावाच्या बागायतदाराने ते केलं, बागेतल्या मजुरांना जेवणाची आणि सुट्टीची वेळ कळावी म्हणून. आपल्या मुकादमांना ही कल्पना अजिबात सांगू नका. पुढे बागच ‘सूर्यघड्याळाची’ म्हणून गाजली, आणि १९७१ च्या कायद्याने आजूबाजूची बरीच जमीन त्याच नावाखाली आली. नाव मोठं झालं की शिवारही वाढतं.

या प्र्युम घराण्यात १९११ मध्ये वाटणी झाली. वारस सात. नेपोलियनच्या कायद्यापासून या भागात सगळ्या मुलांना सारखा हिस्सा, त्यामुळे टेकडीचे चिंचोळे पट्टे झालेलेच होते. त्यातल्या योहान योझेफने आपल्या वाट्यावर स्वतःची वाइन सुरू केली. मुलगा सेबास्टियानने तिचं नाव केलं, १९६९ पासून नातू मानफ्रेड यांनी ते जगभर नेलं, आणि आता पणती काटारिना कारभार बघते. बाकीच्या काही शाखांच्या बाटल्यांवरही प्र्युम आहेच, फक्त पुढची अक्षरं वेगळी. दुकानात आम्ही बराच वेळ कोणता प्र्युम कोणाचा हेच लावत होतो. त्यांच्यात भांडणं झाली नसतील असं मी म्हणत नाही. सात वारस होते, देव नव्हते. पण जमीन तुकडे-तुकडे झाली तरी टेकडीचं नाव आणि त्यावरचं घड्याळ सगळ्यांचंच राहिलं, आणि त्यावर सगळ्यांचीच वाइन विकली गेली.

आपल्या वाटणीसाठी मोजणीदार दिवाळीनंतर येणार असं आईने फोनवर सांगितलं. येऊ द्या. बांध घाला, सातबारा वेगळा करा. विहीर, बेदाण्याचं शेड आणि खोक्यावरचं आजोबांचं नाव मात्र सामाईक ठेवा, आणि तसं स्टँपवर लिहून घ्या. तोंडी ठरलेलं पुढच्या पिढीला ऐकू येत नाही.

आपला,
धाकटा

ता. क. काकांसाठी बाटली पाठवत नाही. आईने हे पत्र आधी वाचलेलं असणार.