सरांचा अंगठा

केडगावात शिफारस लागते ती उसाला. दिवाळी झाली, कारखान्याचा बॉयलर पेटला, की ज्याचा ऊस अजून फडात उभा आहे तो माणूस सैरभैर होतो. शेतकी ऑफिसात खेटे, चिटबॉयला चहा, मुकादमाची मनधरणी, आणि या सगळ्यांच्या वर कुणीतरी संचालक, ज्यांचा फोन लागतो पण उचलला जात नाही. उसाला तुरा आला की वजन उतरतं, म्हणून ही घाई. अगदीच नाही जमलं तर गुऱ्हाळाला घालायचा. आमच्या भागात गुऱ्हाळांना तोटा नाही.

अलीकडे याच मोसमात आणखी एक इसम सैरभैर दिसू लागला आहे. वय बावीस-तेवीस, पाठीला सॅक, हातात मोबाईल. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून नुकताच सुटलेला आणि अमेरिकेला एमएस करायला निघालेला. निघालेला म्हणजे तूर्त केडगाव स्टेशनपर्यंत. मी त्याला अर्जदार म्हणतो, कारण सध्या तो तेवढाच आहे. दरवर्षी एक-दोन अर्जदार तरी माझ्या ओट्यावर येतात. मी इथल्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, हा माझा गुन्हा.

अर्जदाराची जीआरई झालेली असते, टोफेल झालेली असते, बँकेत कर्जाची फाईल आणि सातबाऱ्याचा उतारा पोचलेला असतो. हे सगळं त्याच्या हातातलं होतं, त्याने निभावलं. आता उरतात तीन प्राध्यापकांची तीन शिफारसपत्रं. त्यांना तो 'एलओआर' म्हणतो. त्याची आजी 'यल्लोआर' म्हणते आणि तो काहीतरी आजार असावा अशा समजुतीने संध्याकाळी दिवा लावताना त्यासाठीही हात जोडते. पोराची तब्येत पाहता तिचं फार चुकत नाही.

यंदाच्या अर्जदाराचे वडील एकदा माझ्याकडे आले. म्हणाले, "आवं गुरुजी, तीन चिठ्ठ्याच पायजेत ना? मग येवढं का झुरतंय पोरगं? त्या सरांचा तालुका कोणता?"

मी म्हणालो, तालुक्याचा संबंध नाही. मुलगा कसा आहे, हे त्याला शिकवणाऱ्या माणसाने खरंखरं लिहायचं असतं.

"खरं?" ते थोडे दचकले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या डेमूने अर्जदार पुण्याला गेला तेव्हा त्याच्या मांडीवर गुळाची दहा किलोची ढेप होती. खुटबाव, यवत, उरुळी, लोणी असं प्रत्येक स्टेशनला गर्दी वाढत गेली आणि ढेप एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर जात राहिली. विभागप्रमुखांनी "अरे, हे कशाला?" म्हणत ती टेबलाखाली सरकवली आणि विचारलं, "तू कोणत्या बॅचचा?"

इथे सरांची बाजू घेऊन हेही सांगायला हवं की चूक त्यांची नव्हती. हा चार वर्षं शेवटून दुसऱ्या बाकावर बसला. एकही प्रश्न विचारला नाही. सर समोरून आले की हा नमस्कार करावा लागू नये म्हणून जिन्याने वळायचा. आपल्याकडे याला मुलगा गुणी आहे असं म्हणतात. मीही म्हणत आलो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीचा रकाना असतो. त्यात मी तीस वर्षं 'चांगली' हा एकच शब्द लिहिला. बाकावर कर्कटकाने नाव कोरणाऱ्याची चांगली, माझ्या सायकलची हवा सोडणाऱ्याचीही चांगली. पत्र लिहायची वेळ माझ्यावर आली असती तर मीही त्याच शब्दावर सही करून मोकळा झालो असतो.

सर म्हणाले, "ड्राफ्ट करून आण. बघतो मी."

'बघतो' या क्रियापदावर मराठीत प्रबंध व्हायला हरकत नाही. सोयाबीन विकत घेणारा व्यापारी 'बघतो' म्हणतो, मुलगी बघून गेलेली मंडळी 'बघून कळवतो' म्हणतात, आणि शेतकी ऑफिस तर वर्षभर बघतच असतं. अर्जदाराने सरांच्या बोलण्यातला पहिला अर्धा भाग ऐकला आणि तो हबकला. ड्राफ्ट करून आण, म्हणजे स्वतःचं कौतुक स्वतःच लिहायचं, तेही सरांच्या तोंडून आणि इंग्रजीत. ज्याच्या घरात परीक्षेत पहिला आल्यावर "बरं, हातपाय धू, जेवायला बस" एवढाच सत्कार झाला, त्याने आपण दुर्मीळ बुद्धिमत्तेचे आहोत हे नेमकं कोणत्या धैर्यावर लिहावं?

त्यातून पत्रं तीन, सर तीन आणि लिहिणारा हात एक. तिन्ही एकसारखी वाटली तर अमेरिकेत ओळखतात म्हणे. म्हणून अर्जदार ओट्यावर मांडी घालून मला विचारू लागला, "सर, विभागप्रमुख कसं इंग्रजी लिहीत असतील? भारदस्त?" विभागप्रमुखांसाठी मग लांब वाक्यं झाली, प्रोजेक्टच्या सरांसाठी आखूड. तिसऱ्या मॅडमच्या पत्रात त्याने स्पेलिंगची एक चूक मुद्दाम ठेवली. मी ती दुरुस्त केली तर कळवळून म्हणाला, "राहू द्या सर, ती ओरिजिनल वाटावं म्हणून आहे." प्रत्येक पत्रात 'मला आठवतं' असं सुरू होणारा एक प्रसंग हवा, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. सरांना काय आठवतं हे तो तीन दिवस आठवत बसला. शेवटी स्नेहसंमेलनात याने स्पीकरची वायर जोडली होती, तिचं त्याने 'संकटकाळात दाखवलेलं तांत्रिक नेतृत्व' केलं.

खरी मौज पुढे आहे. ऑनलाईन अर्जात एक चौकट असते. अमेरिकेत 1974 साली झालेल्या एका कायद्याने विद्यार्थ्याला आपली कागदपत्रं पाहण्याचा हक्क दिला. शिफारसपत्रापुरता तो हक्क आपण सोडला, तर सरांनी मोकळेपणाने लिहिलं असेल असं मानून पत्राला वजन येतं. अर्जदाराने थरथरत्या बोटाने त्या चौकटीत टिक केली. जे पत्र त्याने स्वतः रात्री दोनपर्यंत जागून लिहिलं, ते पाहण्याचा हक्क त्याने रीतसर सोडला.

त्याला धीर द्यावा म्हणून मी आमच्या गावचाच दाखला दिला. इथे मुक्ती मिशन उभं करणाऱ्या पंडिता रमाबाई 1878 साली कलकत्त्याला गेल्या, तिथल्या पंडितांनी त्यांची विद्वत्ता पाहिली आणि 'पंडिता' नि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. ड्राफ्ट करून आण, असं कुणी म्हणालं नाही. आनंदीबाई जोशींची कथा तर याहून भारी. बायकोच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. त्याने मदत सोडून धर्माचा उपदेश केला आणि तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला. न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाई दाताच्या डॉक्टरकडे नंबर येईपर्यंत तो अंक चाळत बसल्या होत्या. त्यांनी तो वाचला आणि आनंदीबाईंना स्वतःहून पत्र टाकलं. 1883 साली आनंदीबाई अमेरिकेला पोचल्या त्या याच बाईंच्या आधाराने. 1886 साली फिलाडेल्फियात त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली, तेव्हा ती पाहायला आपल्या रमाबाई तिथे हजर होत्या.

अर्जदाराने सगळं मान हलवत ऐकलं आणि म्हणाला, "पण सर, त्यांना जीआरई नव्हती ना?"

मग मी 1916 साल काढलं. कोलंबिया विद्यापीठातल्या प्राध्यापक सेलिग्मन यांनी लंडनच्या प्राध्यापक फॉक्सवेल यांना पत्र लिहून आपल्या एका विद्यार्थ्याची शिफारस केली. विद्यार्थ्याचं नाव भीमराव रामजी आंबेडकर. यावर अर्जदार गप्प झाला, पण निराळ्याच कारणाने. तो म्हणाला, "सेलिग्मन सरांना त्यांचं नाव आठवत होतं." आणि मग त्यानेच मला सांगितलं की 1948 साली प्रिन्स्टनला जाणाऱ्या जॉन नॅशसाठी डफिन नावाच्या प्राध्यापकांनी जेमतेम तीन वाक्यांचं पत्र दिलं होतं, आणि त्यात कौतुक म्हणाल तर हा मुलगा गणितातला अलौकिक प्रतिभावंत आहे एवढंच. "माझ्या ड्राफ्टमध्ये एकोणतीस वाक्यं आहेत, सर. जास्त झाली का?"

नोव्हेंबर सरत आला. पोर्टलवर तिन्ही सरांच्या नावापुढे 'नॉट स्टार्टेड' दिसत होतं. अर्जदार ते पान दिवसातून चाळीसदा उघडायचा. विभागप्रमुख व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी साडेसहाला सूर्योदय, गुलाब आणि सुविचार पाठवायचे, पण याच्या निरोपाखाली निळ्या टिका तशाच. 'जेंटल रिमाइंडर' पाठवावं का, आणि त्यातला 'जेंटल' पुरेसा जेंटल आहे का, यावर माझ्या ओट्यावर दोन बैठका झाल्या. अखेर निरोप गेला आणि रात्री उत्तर आलं. फक्त अंगठा.

अर्जदार आनंदाने घरात ओरडला, "सरांनी अंगठा दिला!"

वडील भाकरीचा घास हातात तसाच धरून म्हणाले, "अंगठा? आन प्रोफेसर हाय म्हंतोस?"

आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी हा प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट पाहत असताना खुद्द सरांचा फोन आला. "हे बघ, इथे तक्ता आहे. विचारतायत, मुलगा वरच्या 1 टक्क्यात, 5 टक्क्यांत, 10 टक्क्यांत की 25 टक्क्यांत? काय टिक करू?" चार वर्षांत सरांनी त्याला विचारलेला हा पहिला प्रश्न. उत्तर त्याला पाठ होतं. आणि तोंडातून निघालं, "सर, तुम्हाला योग्य वाटेल ते."

"बरं," म्हणून सरांनी फोन ठेवला.

डेमू आली आणि गेली. हा बाकड्यावर बसून राहिला. आता यात त्याचा तरी काय दोष? पंगतीत वाढपी जिलबी घेऊन आला की दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा ताटावर हात आडवा धरून बोटांत फट ठेवायची, हे शिक्षण आपण पोरांना जीआरईच्या कितीतरी आधी देतो. इथे घोळ एवढाच झाला की सरांनी आग्रह केला नाही.

मुदत 15 डिसेंबरच्या रात्री 11 वाजून 59 मिनिटांची होती, पण ती अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची. म्हणजे आपल्याकडे 16 तारखेच्या सकाळचे 10 वाजून 29 मिनिटं. त्या सकाळी बापलेक दोघेही ओट्यावर होते. दोघांच्या कानाला मोबाईल. दोघांचाही पलीकडे उचलला जात नव्हता. बापाचा फड तुऱ्याने पांढरा झाला होता, लेकाच्या दोन पत्रांपुढे 'रिसीव्हड' लागलं होतं आणि विभागप्रमुखांचं अजून नॉट स्टार्टेडच. दहा वाजून एकविसाव्या मिनिटाला शब्द बदलला. पोरगं रडलं. वडिलांनी खिशातला रुमाल दिला आणि पुन्हा मुकादमाला फोन लावला.

अर्ध्या तासाने सरांचा निरोप आला, "केलं अपलोड. तुझं मेकॅनिकलच ना?"

अर्जदार कॉम्प्युटरचा आहे.

तोडणीची टोळी त्याच दुपारी आली आणि ऊस गेला. अर्जदाराची मात्र आणखी दोन विद्यापीठं बाकी आहेत आणि दोन्हींची मुदत 15 जानेवारीला संपते. वाचकांत कुणी विभागप्रमुख असतील, तर सर, त्याची मेल बहुधा स्पॅममध्ये गेली असेल, तेवढी काढून बघा. आणि तक्ता आला तर पुन्हा एकदा विचारा.