तुकोबांचा रकाना

वर्गीकरणाची महती पेडणे-डिचोलीच्या रहिवाशांस निराळी सांगावयास नको. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे मुलूख पोर्तुगीज अमलाखाली आले, त्यात पेडण्याची पाळी १७८८ साली लागली, आणि बारदेश, तिसवाडी व सासष्टीहून ते निराळे ओळखता यावेत म्हणून दप्तरात आमची नोंद ‘नव्या काबिजादी’ अशी झाली. पुढे ते राज्य गेले, त्याचे कारकून गेले, परंतु दोन शतकांहून अधिक काळ लोटूनही आम्ही ‘नवे’च आहोत, यावरून एकदा भरलेला रकाना किती चिरंजीव असतो ते ध्यानी यावे.

असे असता प्रभातच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या बोलपटाचा प्रकार अद्याप निर्विवादपणे ठरू नये, ही गोष्ट जबाबदार नागरिकाच्या मनास लागली पाहिजे. २००४ पासून पणजीस दरसाल आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. त्याच्या देखादेखी आमच्याकडील एखाद्या भजनी सप्ताहाच्या मंडळींनी उद्या हा बोलपट देवळाच्या आवारात दाखवावयाचे मनात आणले आणि परवानगीच्या अर्जात ‘चित्रपटाचा प्रकार’ असा रकाना निघाला, तर तेथे लिहावे काय?

‘पौराणिक’ म्हणावे, तर नायक सतराव्या शतकातला आणि त्याच्या कीर्तनास खुद्द शिवाजी महाराज येऊन बसलेले. ‘ऐतिहासिक’ म्हणावे, तर त्याच कीर्तनावर शत्रू चालून येताच जो तो श्रोता शिवाजी दिसू लागतो आणि बुडालेली गाथा इंद्रायणी आपल्या हाताने परत आणून देते, ज्याची रुजुवात कोणत्याही सरकारी दप्तराशी पडणे नाही. ‘विनोदी’ म्हणावे, तर सालोमालो हसवतो खरा, परंतु दुसऱ्याच्या अभंगावर आपले नाव घालणाऱ्या गृहस्थास केवळ विनोदी मानण्यास साहित्यिक मंडळी धजणार नाहीत. याच चित्रपटासाठी शांताराम आठवल्यांनी बीजाविषयीचा अभंग स्वतः रचला आणि तो इतका बेमालूम उतरला की जाणकारांसही तुकोबांचाच वाटला. म्हणजे पडद्यावरचा कवी तुकोबांचे आपल्या नावावर करतो आणि पडद्यामागचा आपले तुकोबांच्या नावावर करून मोकळा होतो, या उलट्या चोरीसाठी आमच्या दंडसंहितेतही रकाना नाही.

‘भक्तिपट’ हे उतावळ्यांचे उत्तर मला मान्य नाही, आणि त्याचे कारण तुकोबांची बायको जिजाई. गौरीबाईंनी उभी केलेली ती बाई चूल, म्हैस आणि पोरे एकटीने ओढते, हाती पायताण घेऊन विठोबाला जाब विचारावयास देवळात शिरते, आणि नवऱ्यास न्यावयास वैकुंठाचे विमान यावयाच्या दिवशीही तिचे चित्त स्वयंपाकात असते. तुकोबा झालेल्या विष्णुपंत पागनिसांच्या मुखावरील प्रसन्नता कितीही अलौकिक असो, पिठाचा डबा रिकामा आहे हे तिच्याच मुखावर दिसते. व्हेनिसच्या परीक्षकांनी १९३७ साली या चित्रपटाचा गौरव केला, परंतु डब्याचा निकाल लावला नाही.

सरकारी हाती हे काम सोपवावे, तर ‘संत तुकाराम’च्या आदल्याच वर्षीचा दाखला बोलका आहे: एकनाथांवरील चित्रपटाचे ‘महात्मा’ हे नाव परिनिरीक्षकांस राजकारणाच्या रकान्यातील वाटले, सबब त्याचा ‘धर्मात्मा’ झाला.

लोकांस विचारावे, तर त्याहून निराशा. आमच्या पेडण्यात जत्रेच्या रात्री दशावतारी काल्यास बसलेला मनुष्य संकासुराच्या कोट्यांना पोट धरून हसतो, आख्यानातील देवाला हात जोडतो, युद्धाला शिट्टी घालतो आणि पहाटे घरी जाऊन निजतो. आपण नेमक्या कोणत्या प्रकारचे काय पाहिले, हा प्रश्न त्याच्या झोपेच्या आड येत नाही. लोकशिक्षणाचा हा अभाव चिंताजनक आहे.

म्हणून माझी सूचना अशी की, आम्हांस अंगवळणी पडलेला जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उताराच या कामी योजावा. कब्जेदाराच्या रकान्यात विठोबा, कुळाच्या रकान्यात प्रत्यक्ष कसणारी म्हणून जिजाई, आणि ‘इतर हक्कां’त सालोमालो. अडचण इतकीच की आमच्या कूळ कायद्याच्या १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कुळास मालकी दिली आहे. तेव्हा जिजाईने उद्या मामलेदाराकडे अर्ज टाकला, तर सबंध चित्रपट तिच्या नावावर करून द्यावा लागेल आणि तो आपोआप ‘सामाजिक’ ठरेल. देवस्थानाने अर्थातच हरकत घ्यावी. मात्र विठोबाच्या वतीने वकीलपत्र कोणी दाखल करावे याचा खल करीत बसू नये, कारण सालोमालोने ते केव्हाच दाखल करून पोचपावतीही घेतली असेल.