मा. समन्वयसाहेबांना अनावृत पत्र

प्रति,
मा. समन्वयसाहेब,
मंत्रालय, मुंबई.
(मजला व दालन क्रमांक चौकशीअंती कळू शकला नाही.)

विषय : आपली भेट मिळणेबाबत.

महोदय,

शिक्षणावरचं कुठलंही परिपत्रक उघडावं, खाली कुठेतरी आपण भेटताच. ‘संबंधित विभागांनी योग्य तो समन्वय साधावा.’ एवढी खाती ज्यांना साधायला धडपडतात, ते साहेब मोठेच असणार. फक्त आपल्याला पाहिलेला माणूस आमच्या तालुक्यात नाही.

आमच्या घरात चार नातवंडं. धाकटी अंगणवाडीत, म्हणजे महिला व बालविकास विभागाची. तिच्यावरचा पहिलीत, तो शालेय शिक्षणाचा. तिसरी अकरावीला, आम्ही म्हणतो कॉलेजला जाते, पण सरकारदप्तरी ती अजून शाळा खात्याकडेच. थोरला आयटीआयला, तो कौशल्य विभागाचा. शेजारची पोर कृषी महाविद्यालयात, तिचा सांभाळ कृषी खात्याकडे. संध्याकाळी आमच्या ओट्यावर निम्मं मंत्रिमंडळ बसलेलं असतं. पोरं एकमेकांशी भांडतात तरी. त्यांच्या खात्यांचं तेवढंही बोलणं नाही.

2020 च्या राष्ट्रीय धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा ठरवला. उत्तम केलं. आता त्यातली पहिली तीन वर्षं एका खात्याची, पुढची दोन दुसऱ्याची. आमच्या गावात ही हद्द म्हणजे नऊ इंची भिंत आहे. अलीकडे अंगणवाडी, पलीकडे पहिलीचा वर्ग. नातवाला उजव्या कानाने कमी ऐकू येतं, हे सेविकाताईंनी कधीच ओळखलं होतं. त्या त्याला स्वतःच्या उजव्या हाताला बसवायच्या, म्हणजे त्याचा डावा कान त्यांच्याकडे. जूनमध्ये पोरगं भिंतीपलीकडे गेलं. सोबत जन्माचा दाखला गेला, आधारची झेरॉक्स गेली. कानाची गोष्ट तेवढी अलीकडे राहिली, कारण तिला रकाना नव्हता. गुरुजींनी त्याला भलत्या बाजूच्या भिंतीला बसवलं आणि दिवाळीपर्यंत ‘लक्ष देत नाही’ म्हणून ते हताश होत राहिले. दोष कुणाचा? ताई पोषण ट्रॅकरवर वजन-उंची भरत होत्या, गुरुजी ‘यू-डायस’वर पोरं चढवत होते. दोघांची माहिती वेळेत वर पोचली. वरून ती भिंतीच्या पलीकडच्या बाजूला उतरवायची, हे काम बहुधा आपल्याकडे असावं.

साहेब, राग मानू नका, पण आपल्याआधी हे काम दोन बायकांनी करून ठेवलंय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. 1945 साली बोर्डीला त्यांनी काम सुरू केलं, पुढे कोसबाडला. आदिवासी पाड्यांवरच्या मुली शाळेत येत ना, कारण कडेवर धाकटं भावंड असे. मग बाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली आणि तिला विकासवाडी म्हटलं. तान्हं पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली पाटीवर. सुकाणू समिती, उपसमिती, कृतिगट यांपैकी काहीही न नेमता! अंगणवाडीची कल्पनाही त्यांचीच. आपण ती घेतली, नाव ठेवलं, आणि मधली दारं तेवढी बंद केली.

पहिलीच्या पोरांच्या भाषेचं तर काय सांगावं? 16 एप्रिल 2025 ला हिंदी अनिवार्य. 17 जूनला ‘सर्वसाधारणपणे’ हिंदी. 29 जूनला दोन्ही निर्णय रद्द आणि डॉ. नरेंद्र जाधवांची समिती. त्या दिवसांत आमच्या नातवाला अजून मराठीतला ‘ळ’ लिहिता येत नव्हता, त्यामुळे त्याचं विशेष नुकसान झालं नाही.

त्याच उन्हाळ्यात अकरावीचे प्रवेश सबंध राज्यभर ऑनलाइन झाले. ज्या तालुक्याच्या गावी एकच विज्ञान शाखा, तिथल्या पोरांनाही पसंतीक्रम भरायची सोय झाली. पहिल्याच दिवशी संकेतस्थळाने मान टाकली, ते सोडा. धोरणात नववी ते बारावी हा एकच टप्पा आहे, असं मी वाचलं होतं. मग एकाच टप्प्याच्या मधोमध पोरीला शाळा सोडल्याचा दाखला का घ्यावा लागला, तेवढं भेटीत विचारीन म्हणतो.

खरं सांगायचं तर आमच्याकडे आपला कारभार सेतू केंद्रातला एक तरणा पोरगा पाहतो. थोरल्याचं नॉन-क्रीमिलेअर, तिसरीचं डोमिसाइल, शेजारणीचा महाडीबीटीचा अर्ज, नातवाचं ‘अपार’ हे सगळं त्याच्या एका वहीत आहे, पासवर्डसकट. कुणाचं नाव आधारावर ‘रा’ आणि दाखल्यावर ‘र’ आहे, हे त्याला तोंडपाठ. अंगणवाडीपासून पदवीपर्यंतचं आख्खं पोर एका नजरेत दिसतं असा हा एकच माणूस, आणि तो झेरॉक्सचे दोन रुपये घेतो.

मागणी फार नाही. जूनमध्ये एक दुपार ताईंना आणि गुरुजींना कुठलंही ॲप न देता एका बाकावर बसू द्या. चहा आम्ही पाठवू.

आपला,
चार नातवंडांचा आणि तीन खात्यांचा आजोबा

ता.क. : उत्तर द्यायचं झाल्यास त्या सेतूवाल्या पोराच्या नावे द्यावं. आमच्या घरचे ओटीपी त्याच्याच फोनवर जातात.