काच खाली घ्या

कोविडच्या साथीत महाराष्ट्रात गाडीतली डोकी मोजली गेली. जून २०२० मध्ये चारचाकीत चालक अधिक दोन. सप्टेंबरपासून चालक अधिक तीन. एप्रिल २०२१ ची लाट आली तेव्हा चालक आणि आसनांच्या निम्मे प्रवासी. नाक्यावरचा पोलीस वाकून आत पाहायचा, मोजायचा, पावती फाडायचा किंवा जाऊ द्यायचा. काचा वर का आहेत, असं विचारणारा मला तरी भेटला नाही. आणि आजार तर हवेतूनच पसरत होता.

आता हा विषय कशाला, असं कुणी म्हणेल. जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपवली, हे खरं. पण फ्लू आणि क्षयरोग आपल्यातच आहेत, आणि पुढची साथ येणार यात शंका नाही. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला तो ऑगस्ट २००९ मध्ये. त्यानंतर अकरा वर्षांच्या आत कोविड आला. दोन्ही वेळा आपण हात धुतले, दारांच्या कड्या पुसल्या, भाजीच्या पिशव्या उन्हात ठेवल्या. श्वासाचा विचार शेवटी केला. म्हणून हे आत्ताच, डोकं शांत असताना बोललं पाहिजे.

कोविडच्या त्या काळात मित्राची गाडी ही चैन नव्हती. मार्च २०२० मध्ये मुंबईची लोकल थांबली. १५ जूनला ती सुरू झाली तीही फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. सगळ्या प्रवाशांसाठी ती खुली व्हायला १ फेब्रुवारी २०२१ उजाडला, आणि तेव्हाही ठरावीक वेळांतच. खासगी कार्यालयं मात्र जूनपासूनच थोड्या थोड्या माणसांनी उघडत गेली. बदलापूर, डोंबिवली, विरारच्या माणसाने जायचं कसं? ज्याच्याकडे गाडी होती त्याने काढली, तिघांनी पेट्रोल आणि टोल वाटून घेतला. डोंबिवलीत घरडा सर्कलला सकाळी सातला भेटायचं, शीळफाट्याच्या कोंडीत अडकायचं, महापेमार्गे मुंबई गाठायची. जाताना दोन तास, येताना दोन तास. या चौघांनी एकमेकांच्या नोकऱ्या वाचवल्या. त्यांना बेजबाबदार म्हणणाऱ्यांचा मला तेव्हाही राग यायचा, आजही येतो. त्यांना घरी बसा म्हणून उपयोग नव्हता. गाडीत कसं बसायचं, हे कुणीतरी नीट सांगायला हवं होतं.

सांगितलं काय गेलं? दोन गज अंतर ठेवा. दोन गज म्हणजे सहा फूट. वॅगनआरची रुंदी बाहेरून मोजली तरी सव्वापाच फुटांच्या आसपास भरते. गाडीत तो नियम पाळणं अशक्यच होतं, आणि पाळता येत नाही म्हटल्यावर लोकांनी सगळंच सोडून दिलं. मास्क हनुवटीवर, काचा वर, एसी जोरात, डॅशबोर्डवर सॅनिटायझरची बाटली. टॅक्सीवाल्यांनी मागच्या-पुढच्या सीटमध्ये प्लास्टिकचा पडदा लावला. समोरून खोकणाऱ्याचे थेंब त्याने अडतात. हवेत तरंगणारे बारीक कण पडद्याच्या कडेने वळसा घालून येतातच.

हे कण वागतात उदबत्तीच्या धुरासारखे. बंद गाडीत पुढच्या सीटवर उदबत्ती लावली तर मागच्याला वास किती वेळात येईल, याचा प्रत्येकाने अंदाज करावा. सहा फूट, तीन फूट, सगळं तिथे निरर्थक ठरतं.

याचा पुरावा साथीच्या अगदी सुरुवातीला मिळाला होता. जानेवारी २०२० मध्ये चीनमधल्या झेजियांग प्रांतात भाविकांच्या दोन बस एकाच धार्मिक कार्यक्रमाला गेल्या. एका बसमध्ये एक बाधित प्रवासी होता. थंडीमुळे हीटर चालू, आतलीच हवा आत फिरणारी. जाऊन-येऊन प्रवास सुमारे शंभर मिनिटांचा. त्या बसमधल्या बाकीच्या ६७ जणांपैकी २३ जणांना लागण झाली. दुसऱ्या बसमध्ये एकालाही नाही. आजारी माणसापासून लांब बसलेल्यांनाही लागण झाली. उघडणाऱ्या खिडक्यांजवळचे प्रवासी मात्र, बाधिताच्या अगदी शेजारचा एक सोडला, तर वाचले. हा अभ्यास सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. शंभर मिनिटं म्हणजे डोंबिवलीहून एका बाजूचाही पूर्ण प्रवास नव्हे.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी थेट मोटारीचाच हिशोब मांडला. संगणकावर गाडी ताशी ऐंशी किलोमीटरने पळवली, चालक पुढे आणि एक प्रवासी मागे तिरक्या कोपऱ्यात. काचा बंद आणि एसी चालू असताना एकाने सोडलेल्या कणांपैकी आठ ते दहा टक्के दुसऱ्यापर्यंत पोहोचत होते. चारही काचा उघडल्यावर हे प्रमाण ०.२ ते २ टक्क्यांवर आलं. काच खाली करायला पैसा लागत नाही, परवाना लागत नाही, लशीची वाट पाहावी लागत नाही. एवढा स्वस्त उपाय हाताशी असताना तो घराघरांत पोहोचला नाही, याची मला खरोखर चीड येते.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती. पळत्या गाडीत हवा बहुधा मागून शिरते आणि पुढून बाहेर पडते. म्हणून गाडीत दोघंच असतील तर आपापल्या शेजारची काच उघडण्यापेक्षा विरुद्ध बाजूच्या काचा उघडणं बरं. आपल्याकडे चालक उजवीकडे असतो. मित्र मागे डावीकडे बसला असेल तर मागची उजवी आणि पुढची डावी काच खाली घ्यायची. हवा मागून आत येते, मागच्या सीटवरून आडवी जाते आणि पुढे डावीकडून निघून जाते. दोघांच्या मध्ये हवेचा पडदाच तयार होतो. चौघं असतील तर डोकं लढवत बसू नका. सगळ्या काचा खाली.

आता एसीच्या पॅनलवरच्या त्या बटणाकडे या. गाडीचं चित्र, आत वळलेला बाण. ते दाबलं की बाहेरची हवा बंद होते आणि आतलीच फिरत राहते. गाडी लवकर गार होते म्हणून बहुतेक जण ते कायम दाबलेलं ठेवतात. हिशोब करून बघा. लहान गाडीच्या पोटात साधारण तीन हजार लिटर हवा. बसलेला माणूस तासाला साधारण अठरा लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, चौघांचा झाला बहात्तर. हवा कुठूनच आली-गेली नाही तर पाच मिनिटांत त्याचं प्रमाण दहा लाखांमागे दोन हजारांनी वाढतं. याचा अर्थ दर वीस श्वासांमागे एका श्वासाइतकी हवा गाडीतल्याच कुणाच्या तरी फुप्फुसातून आलेली. गाडी अगदी हवाबंद नसते, म्हणून पाचाच्या जागी सात-आठ मिनिटं धरा. शीळफाटा अजून यायचाय.

काचा उघडल्या की धूळ येते, हे मान्य. कल्याण-शीळ रस्त्यावर तर डोळे उघडे ठेवणं मुश्कील. मास्क नाकावर नीट असेल तर तो धूळही अडवतो. कोंडीत गाडी उभी असते तेव्हा खिडकीतून हवा कमी खेळते, म्हणून पंखा सगळ्यात वरच्या आकड्यावर ठेवायचा आणि ते बटण बंद. पावसाळ्यात काचांवर व्हायझर बसवून घ्यायचा. त्याच्या आडोशाने दोन बोटं काच उघडी राहते आणि मांडी भिजत नाही. मे महिन्यात घाम येईल. येऊ द्या.

माझ्या मते खरी अडचण धूळ नव्हती, घामही नव्हता. संकोच होता. गाडी मित्राची, पेट्रोलचे पैसे तो काटेकोर मागत नाही, रोज दारात सोडतो. त्याला कसं म्हणायचं की बाबा रे, काच खाली घे, मास्क वर घे? त्याला वाटेल, आपल्यावर संशय घेतो. अनोळखी माणसाजवळ आपण मास्क लावून बसत होतो आणि मित्राजवळ काढून. विषाणूला ओळखदेख नसते. ज्याच्यावर जीव आहे त्याच्याच श्वासाजवळ आपण सगळ्यात जास्त वेळ असतो. त्यामुळे काच खाली घ्या म्हणणारा माणूस गाडीतला सगळ्यात चांगला मित्र आहे, आणि त्याच्याकडे बघून तोंड वाकडं करणाऱ्याला खडसावलं पाहिजे. शक्यतो पहिल्याच दिवशी, चावी फिरवण्याआधी.

त्याच वेळी पैशांचंही ठरवा. मे २०२१ च्या अखेरीस मुंबईत पेट्रोल शंभरच्या पार गेलं. चौघांपैकी एक गळाला की बाकीच्यांची वर्गणी वाढणार, म्हणून घशात खवखव असलेला माणूस गोळी घेऊन निघायचा. वर रजा टाकली तर पगार कापला जाण्याची भीती. ज्याला बरं नाही त्याचा त्या दिवसांचा वाटा बाकीचे तिघं भरतील, आणि त्याला त्याबद्दल कुणी बोलणार नाही, इतका साधा करार हवा. आणि रोजचे तेच चौघं. आज याचा मेहुणा, उद्या तिच्या ऑफिसातली कुणी, असं नको. एक नवा माणूस म्हणजे एक नवं घर.

सहलीची गोष्ट वेगळी सांगतो, कारण तिथे गरजही नव्हती. निर्बंध सैल झाले की लोणावळा, अलिबाग, गोवा. गाडीत वडापाव, गाडीत गाण्याच्या भेंड्या. खाताना मास्क उतरतो आणि गाताना माणूस नेहमीच्या बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त कण सोडतो. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात मार्च २०२० मध्ये एका गायकवृंदाची अडीच तासांची तालीम झाली. ६१ जण हजर होते, त्यातले पन्नासहून अधिक आजारी पडले, दोघे दगावले. तीही एका सभागृहात, गाडीपेक्षा कितीतरी मोठ्या जागेत. घाटात थांबा, खाली उतरा, मोकळ्यावर खा, पोटभर गा, आणि मग गाडीत बसा.

हे नियम आजही लागतात आणि सगळ्यात जास्त लागतात ते स्कूल व्हॅनला. क्षमतेपेक्षा जास्त पोरं, दप्तरं मांडीवर, एक शिंकतोय, दोघं खोकतायत, पावसामुळे सरकत्या काचा घट्ट लावलेल्या. वर्गात एकाला ताप आला की आठवड्यात अर्धी व्हॅन घरी. पालकसभेत फी, वेळ, एसी यांवर तासभर वाद होतो. जूनमध्ये व्हॅनवाल्या काकांना एवढंच विचारा: मागच्या काचा सरकतात का, की गंजून बसल्यात? बसल्या असतील तर पुढच्या महिन्याची फी देण्याआधी त्या दुरुस्त करून घ्या.