आठ मिनिटांचा वाटा

विरार लोकलने रोज मुंबई गाठणाऱ्याला आठ मिनिटांची किंमत समजावून सांगावी लागत नाही. तेवढ्यात एक गाडी चुकते, पुढच्या गाडीच्या दारात पाय ठेवायलाही जागा मिळत नाही आणि मस्टरवर लाल शेरा पडतो. वसई-विरारमध्ये घरेसुद्धा स्टेशनपासून किती मिनिटांवर, अशीच विकली जातात. मिनिटांवर जगणाऱ्या या शहरात सरकारी शाळेतल्या मुलाच्या वाट्याला किती मिनिटे येतात, हा हिशेब मात्र कुणी मांडत नाही. आकडे कायद्यानेच देऊन ठेवले आहेत. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा म्हणतो, पहिली ते पाचवीला वर्षाचे 200 दिवस, 800 तास अध्यापन आणि साधारण तीस मुलांमागे एक शिक्षक. भागाकार चौथीच्या मुलालाही जमावा असा आहे: दिवसाला चार तास, म्हणजे 240 मिनिटे आणि मुलामागे आठ. हा झाला कागदावरचा वाटा. पट साठाचा आणि शिक्षक एकच असेल, तर तो चारावर येतो.

पहिला आक्षेप या भागाकारावरच येईल. शिकवणे म्हणजे काही तिळगूळ नव्हे, एकेकाच्या हातावर ठेवायला. गोष्ट सांगितली की ती साठही कानांत एकदमच शिरते. आक्षेप बरोबर आहे, पण अर्धाच. सांगणे सगळ्यांना मिळून होते, तपासणे मात्र एकेकाचेच करावे लागते. वर्ग एका सुरात पाढे म्हणतो तेव्हा काही जण नुसते ओठ हलवत असतात, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते. ते नेमके कोण, हे कळायला एकेकाला जवळ बोलवावे लागते. 42 मधून 17 वजा करून 35 उत्तर काढणारे मूल 'ढ' नसते. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने गुपचूप सातातून दोन काढलेले असतात. त्याची ही युक्ती ओळखायला तीन मिनिटे लागतात, दशक सुटा करून दाखवायला पाच. झाली आठ. 'असर'चे ग्रामीण सर्वेक्षण 2005 पासून हेच करते: एक मूल, एक कागद, एक ऐकणारा, आधी अक्षरे, मग शब्द, मग परिच्छेद, मग गोष्ट. मुलाला वाचता येते का, एवढे मोजायलाही ज्याच्यापाशी बसावे लागते, त्याला शिकवायला मात्र बसावे लागत नाही, असे आपले प्रशासकीय गृहीतक दिसते.

ही आठ मिनिटे जातात कुठे? शिक्षकाच्या आधी त्याचा मोबाइल वर्गात शिरलेला असतो. एके काळी वर्गात मोबाइल वापरणाऱ्या शिक्षकाला जाब विचारला जाई, आता न वापरणाऱ्याला विचारला जातो. हजेरी हजेरीपटावर घ्यायची, मग ऑनलाइन. खिचडीची चव नोंदवायची, मग ताटांची संख्या. मुलांच्या नोंदी मागणारे 'सरल' आहे, 'यूडायस' आहे, 'अपार' आहे आणि या सगळ्यांच्या वर 'तातडीचे, आज बारापर्यंत' असा मजकूर असलेली लिंक आहे. आधारवरचे नाव आणि शाळेतले नाव जुळवणे हे तर नालासोपाऱ्यात स्वतंत्र शास्त्र व्हावे. परप्रांतातून आलेल्या मुलाच्या आधारवर नावाचे एक स्पेलिंग, गावच्या दाखल्यावर दुसरे आणि बापाच्या तोंडी तिसरेच. तिन्ही जुळेपर्यंत ते मूल पहिल्या रांगेत बसून खिचडी खात असले, तरी पोर्टलच्या लेखी त्याचा जन्म व्हायचा असतो. पटावरून शिक्षकांची पदे ठरवणाऱ्या संच मान्यतेत आधार जुळलेली मुलेच मोजायची ठरली, की शिक्षकाचे पदही एका वेलांटीला लोंबकळू लागते. अशा वेळी शिक्षकाने मुलाच्या वजाबाकीतला हातचा शोधावा की आधारवरची वेलांटी? पोटापाण्याची काळजी असलेला माणूस वेलांटीच शोधेल.

मिनिटे देता येत नसली तरी पद्धती देता येतात आणि त्या आपण सढळ हाताने देतो. 2015 च्या जूनमध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम आला. साताऱ्याच्या कुमठे बीटमधला ज्ञानरचनावाद बघायला राज्यभरातून शिक्षक गेले आणि गावोगावच्या वर्गांच्या फरशा रंगल्या. कुमठ्यात ती फरशी मुलांच्या हाताला काम म्हणून होती, पुढे अनेक ठिकाणी ती साहेबांच्या डोळ्यांना विसावा म्हणून उरली. 2021 मध्ये 'निपुण' अभियान आले. 2026-27 पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता आले पाहिजे, हे त्याचे उद्दिष्ट कुणालाही मान्य व्हावे असेच आहे. पद्धतींना नावे ठेवायचे कारण नाही, निदान वसई-विरार ज्यात येते त्या पालघर जिल्ह्याने तरी. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघांनी तिथे आयुष्य घातले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात नेली गेली. पाने, बिया, शिंपले हे तिथले शैक्षणिक साहित्य. आज त्या प्रयोगातले शिंपले तेवढे आपण उचलतो, कारण ते फुकट मिळतात. मूल ज्या वेळी मोकळे असेल त्या वेळी त्याच्यापाशी जाऊन बसायचे, हा त्यातला महागडा भाग कोसबाडच्या टेकडीवरच राहतो.

पद्धत श्रेष्ठ की वेळ, हा वाद केवळ चहाच्या टपरीवरचा नाही. त्याची परीक्षा झालेली आहे. 'प्रथम' ही संस्था मुलांना इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीनुसार गटांत बसवून शिकवते. ही पद्धत सरकारी शाळांत चालते का, हे अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या राज्यांत तपासले. हरियाणात वेळापत्रकातला रोजचा एक तास त्यासाठी राखून ठेवला, वर देखरेखीला माणसे दिली, तेव्हा त्याच सरकारी शिक्षकांच्या हातून मुलांचे वाचन सुधारले. उत्तराखंडात साहित्य दिले, प्रशिक्षण दिले, वर स्वयंसेवकही दिले. शाळांनी त्या स्वयंसेवकांना नेहमीच्याच शिकवण्याला जुंपले आणि फरक दिसला नाही. म्हणजे पद्धत चांगली असूनही तिला बसायला पाट मिळाला नाही, तर ती उंबरठ्यावरूनच परत जाते. आपण मात्र पाहुण्यामागून पाहुणा बोलावतो आणि पाट मांडायचे विसरतो. शिवाय प्रत्येक मुलाकडे वैयक्तिक लक्ष कसे द्यावे, हे सांगणाऱ्या प्रशिक्षणाला शिक्षकांना बोलवायचे ते शाळा भरलेली असतानाच.

आता उरलेले आक्षेप. माहिती गोळा केल्याशिवाय राज्य कसे चालवायचे? चालवूच नये, पण तीच माहिती चार दारांतून का मागायची आणि बहुतेक प्राथमिक शाळांत लेखनिकाचे टेबलच नसताना ते काम फळ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला का सांगायचे? कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी वर्गवारी करणारा शासन निर्णय ऑगस्ट 2024 मध्ये निघाला आहेच. पण नोंदीशिवाय खिचडी येत नाही, खिचडीशिवाय मूल येत नाही, सबब नोंद हेच शिक्षण, इतका तर्क कुठल्याही कार्यालयाला जमतो. निवडणुकीचे काम तर कायद्यातच आहे, असे कुणी म्हणेल. आहे. कलम 27 ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही तीनच दारे उघडी ठेवली. फक्त त्या दारांतली रहदारी विरार स्टेशनची आहे. 2024 मध्ये लोकसभा आणि विधानसभा झाली, जानेवारी 2026 मध्ये महापालिका. मतदान एका दिवसाचे असते, मतदार यादी मात्र बारमाही. सर्वांत जोरकस आक्षेप असा की, वेळ मोकळा करून दिला तरी शिक्षक शिकवतील कशावरून? पगार पोटभर, सुट्ट्या वर्षभर. कामचुकार शिक्षक आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण 'लिंक भरत होतो' यापेक्षा बळकट ढाल कामचुकाराला कुठे मिळणार? तिच्यापुढे केंद्रप्रमुखही गप्प होतात, कारण ती लिंक त्यांनीच पाठवलेली असते. मिनिटे मोकळी केली, तर आधी उघडा पडेल तो कामचुकारच.

वसई-विरारच्या वर्गात या आठ मिनिटांवर आणखीही ओझी आहेत. महापालिका 3 जुलै 2009 रोजी झाली, पण त्यानंतर वर्षानुवर्षे तिच्या हद्दीतल्या सरकारी प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. रस्ता शहराचा आणि फळा ग्रामीण विकासाचा, असा हा संसार. हस्तांतरणाची चर्चा एवढी लांबली की तेव्हा पहिलीत असलेली मुले शाळा संपवून बाहेर पडली. छप्पर गळाले तर कुणाला कळवायचे, हे ठरेपर्यंत पावसाळा संपतो. भाषेचे तर विचारूच नका. एका वर्गात कादोडी, वाडवळी, वारली, भोजपुरी आणि गुजराती शेजारी शेजारी बसू शकतात. पहिलीपासून तिसरी भाषा कोणती, यावर 2025 च्या एप्रिलमध्ये शासन निर्णय काढून आणि जूनअखेर तो मागे घेऊन राज्य अडीच महिने भांडले. नालासोपाऱ्याच्या शिक्षकाला तिसरीची चिंता नव्हती, समोरच्या मुलाची पहिली कोणती हेच तो शोधत होता. हा शोधही त्या आठ मिनिटांतच बसवायचा असतो.

शाळेत हरवलेली मिनिटे नाहीशी होत नाहीत. संध्याकाळी ती गल्लीतल्या क्लासमध्ये 'सर्व विषय, सर्व माध्यमे' अशा फलकाखाली महिन्याच्या फीवर विकायला येतात. परवडते तो ती परत विकत घेतो. म्हणून ही कपात तीस मुलांत सारखी वाटली जात नाही. घरी कुणी वाचून घेणारे असेल, तर आठातली सहा गेली तरी त्याचे निभते. आईबाप पहाटे बांधकामावर किंवा वीटभट्टीवर जातात त्या मुलाकडे मात्र या आठांखेरीज दुसरी मिनिटेच नसतात. तेव्हा एक नम्र सूचना. शाळेकडे माहिती मागवणाऱ्या प्रत्येक पत्रावर 'विषय' आणि 'संदर्भ' यांच्याखाली तिसरी ओळ असावी: 'मिनिटे'. ही माहिती भरायला किती मिनिटे लागतील आणि ती पटावरच्या कोणत्या मुलाच्या वाट्यातून घ्यावीत, ते मागवणाऱ्या अधिकाऱ्याने नावानिशी लिहून खाली सही करावी. सही करताना हात अडखळला, तर माहिती तितकीशी तातडीची नव्हती असे समजावे. अडखळला नाही, तर 42 मधून 17 गेले की 35 उरतात, हे त्या मुलाच्या पाटीवरचे उत्तर शासनमान्य धरावे.