कान शाबूत असलेला पैलवान

पैलवान ओळखावा तो कानांवरून. वर्षानुवर्षं मातीत आणि समोरच्याच्या डोक्यावर घासून कानाच्या पाळ्या मोडतात, सुजतात आणि मग तशाच घट्ट होऊन बसतात. असे कान दिसले की कोल्हापुरात माणसं बसमध्ये सरकून जागा देतात. आमच्या बापूंचे कान मात्र बारशाला होते तसेच्या तसे, नाजूक आणि शाबूत आहेत. म्हणून बापू मफलर बांधतात. बारा महिने. भर मे महिन्यात, डांबर विरघळत असताना, पांढरा सदरा, पांढरी विजार आणि डोक्याभोवती गच्च तपकिरी मफलर. कुणी विचारलंच तर "वारं बाधतं" म्हणतात. न विचारणाऱ्याचा आपोआप गैरसमज होतो, आणि मफलरचं काम तेवढंच आहे.

खरं सांगायचं तर बापू जन्मात एकच कुस्ती खेळले. गावच्या जत्रेत, रेवडीवरची. ती बरोबरीत सुटली आणि रेवड्या दोघांत वाटून दिल्या. बापूंच्या मते समोरच्या पोराची पाठ लागली होती, पण पंच त्याचा सख्खा मामा होता. या गोष्टीला साठ वर्षं झाली. निकाल बापूंनी अजून मान्य केलेला नाही.

त्यानंतर त्यांनी लंगोट सोडला आणि शौक धरला. प्रेक्षक आणि शौकीन यांत फरक आहे. प्रेक्षक तिकीट काढतो, कुस्ती बघतो आणि घरी जातो. शौकीन घरी जात नाही. मैदान उठलं, हलगीवाले आपले पैसे मोजून गेले, तरी तो शेजारच्याला धरून सांगत असतो, की लाल लांगवाल्यानं कब्जा सोडला तिथंच चुकलं. बापूंचा हा दरबार संध्याकाळी गंगावेशच्या दूधकट्ट्यावर भरतो. तिथं म्हशी समोर उभ्या असतात आणि धार थेट ग्लासात पडते. बापू अर्धा लिटर मागवतात, मिशीला फेस लावून घेतात आणि शेजारी बसलेल्याचं मनगट पकडतात. डाव तोंडानं सांगणं त्यांना जमत नाही, तो मनगटावर करूनच दाखवावा लागतो. पट काढताना ऐकणाऱ्याचा हात कोपरापर्यंत फिरतो, घिस्सा मारताना दूध सांडतं. जाणते लोक बापूंच्या डाव्या बाजूला बसतात. बापू उजवे आहेत.

इतिहास नेहमी शाहू महाराजांपासून सुरू होतो. 1902 साली महाराज विलायतेला गेले, रोमचा तो जुना आखाडा बघितला, आणि ठरवलं की असलं काहीतरी आपल्या गावात पाहिजे. 1912 साली खासबाग मैदान उभं राहिलं. मधे खोलगट हौद आणि भोवती उतरत आलेली बैठक. कुठंही बसा, पुढच्याचं डोकं आड येत नाही. पहिली मोठी कुस्ती गामाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची. इथपर्यंत सगळं पुस्तकात सापडतं. पण बापू ही कुस्ती 'आम्ही' लावून सांगतात. "आम्ही बसलो हुतो पूर्वेकडनं. मोहिद्दीननं जरा मान खाली घातली, तवाच मी म्हटलं, गेला!" ऐकणारा नवा असेल तर तो मनात बापूंचं वय मोजायला लागतो. माणसांचा आकडाही ठरलेला नसतो. महिन्याच्या सुरुवातीला मैदानात पन्नास हजार लोक असतात, अखेरीला दीड लाख.

स्वातंत्र्यानंतरचा भाग आला की नात्यागोत्याची भाषा सुरू होते. "आण्णांनी 59 ला दिल्लीत बंतासिंगाला पाडलं, मग 60 ला आबा. 64 ला भाऊ. मामांचं 73 ला झालं." परगावच्या पाहुण्याला वाटतं, घरातल्या वाटणीचं चाललंय. आण्णा म्हणजे महाराष्ट्राचे पहिले हिंद केसरी श्रीपती खंचनाळे, आबा म्हणजे गणपतराव आंदळकर, भाऊ म्हणजे कवठेपिरानचे मारुती माने आणि मामा म्हणजे दादू चौगुले. यांतल्या कुणाशी बापूंची ओळख होती का, हे विचारायचं नसतं. एकदा आंदळकर आबांची बापूंना वाट दे म्हणून हाक आली होती, एवढं पक्कं आहे. बापूंनी ती दिली. त्या एका वाक्यावर त्यांचं घर चालतं म्हटलं तरी चालेल.

खाशाबा जाधवांच्या बाबतीत मात्र बापू फुगवत नाहीत. हेलसिंकीचं 1952 चं कांस्य, आणि त्यांना पाठवायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी गहाण टाकलेलं राहतं घर, एवढंच सांगतात. मग मफलर सारखा करतात आणि विषय बदलतात. मला वाटतं, या गोष्टीत वाढवायला काही उरलेलं नाही हे त्यांनाही कळतं.

बापूंचा खरा देव युवराज पाटील. युवराज पाटील आणि सतपाल यांची खासबागेतली कुस्ती त्यांनी निदान हजारदा सांगितली असेल. दर खेपेला डाव वेगळा असतो. कधी घिस्सा, कधी ढाक, एकदा तर कलाजंग. मी एकदा हे दाखवून दिलं. बापू मुळीच गडबडले नाहीत. म्हणाले, "कुस्ती मोठी असली की तिच्यात सगळे डाव असत्यात."

आणि या सगळ्या पोथीतला सैतान म्हणजे नुरा. आधीच ठरवून केलेली कुस्ती. बापूंच्या तोंडात याहून घाण शिवी नाही. खासदार नुरा, क्रिकेट नुरा, शेजारणीनं केलेलं भांडणसुद्धा नुरा. खासबागेच्या पाठीला पाठ लावून केशवराव भोसले नाट्यगृह आहे, तेही महाराजांनीच बांधलेलं. बापू म्हणत, "मधी भिंत घातली ती उगाच न्हाई. त्या अंगाला नाटक, ह्या अंगाला कुस्ती. मिसळायचं न्हाई." आयुष्यात त्या नाट्यगृहाची पायरी न चढलेला हा माणूस 2024 च्या ऑगस्टमध्ये ते जळालं तेव्हा रात्रभर रस्त्यावर उभा होता. नाटकासाठी की भिंतीसाठी, ते मी विचारलं नाही.

असा हा माणूस गुडघ्याच्या ऑपरेशनपायी घरात अडकला, आणि कॉलेजात जाणाऱ्या नातवानं समोर डब्ल्यूडब्ल्यूई लावलं.

पहिले दोन दिवस बापूंनी भिंतीकडं तोंड केलं. तिसऱ्या दिवशी एका गड्यानं दुसऱ्याला पाठीवर पाडलं, पंच आडवा झाला आणि मॅटवर हात आपटत मोजायला लागला. बापू ओरडले, "मोजतोय काय? खांदं टेकलं की!"

"तीन मोजायला लागतात, बापू."

"टेकलं म्हणजे टेकलं. तीन मोजायला तो काय व्याजाचा हिशेब हाय?"

आणि तिथं बापू अडकले. नुरा असल्याचं ते रोज सांगत, पण सांगण्यासाठी रोज बघत. महिन्याभरात त्यांनी सगळ्यांना कोल्हापुरात आणून बसवलं. अंडरटेकर हा गाव सोडून मठात राहिलेला जुना वस्ताद. ब्रॉक लेस्नर हा बिनअकलेचा भारंदाज, खुराक दांडगा, डाव दोनच. 2006 साली द ग्रेट खलीनं अंडरटेकरला लोळवलं ती जुनी कुस्ती नातवानं दाखवली तेव्हा आपला माणूस जिंकला म्हणून बापूंना आनंद होईल असं वाटलं होतं. बापू म्हणाले, "उंचीवर कुस्ती होत न्हाई. उंचीवर पंखा पुसतात."

नातूही काही कमी नाही. तो म्हणाला, तुमचा गामा 1910 साली लंडनात ज्याच्याशी लढला तो झिबिस्को कोण होता माहीत आहे? माहीत नसायला काय झालं! पोलंडचा पहाड, अडीच तासांवर पालथा पडून राहिला, जमिनीला चिकटला तो उठेचना. कुस्ती बरोबरीत सुटली, आणि पुढच्या खेपेला गडी आलाच नाही, पट्टा गामाला मिळाला. पुढं 1928 साली पतियाळ्यात गामानं त्याला मिनिटाच्या आत अस्मान दाखवलं. हे बापू झोपेत सांगतात. पण मधली गोष्ट नातवानं सांगितली. हा झिबिस्को अमेरिकेत ठरलेल्या कुस्त्यांच्या धंद्यात होता. 1925 साली फिलाडेल्फियात त्यानं वेन मन नावाच्या चॅम्पियनकडून हरायचं असं ठरलं होतं. मन मुळात फुटबॉलवाला, कुस्ती बेताचीच. धंदेवाल्यांनी त्याला अंगानं थोराड म्हणून चॅम्पियन केलेला. झिबिस्को आखाड्यात उतरला आणि ठरलेलं गुंडाळून ठेवून त्यानं मनला खरोखरचा पाडला. पुन्हा पाडला. पट्टा घेऊन गेला.

बापू उठून बसले. ऑपरेशनचा गुडघा असताना उठून बसले. "म्हंजे नुरा मोडली?"

"मोडली."

"आरं, मग हा माणूस वाईट न्हवता की!" गामासमोर पालथं पडल्याबद्दल ज्याला गेली पन्नास वर्षं शिव्या घातल्या, त्याला बापूंनी त्या दिवशी माफ केलं. रात्री मला फोन करून तसं कळवलंही.

आता मातीतल्या खऱ्या कुस्तीचं काय चाललंय, ते बघितलं तर बापूंची पंचाईत लक्षात येईल. विनोद चौगुलेनं 2000 साली महाराष्ट्र केसरीची गदा आणली, त्यानंतर कोल्हापुराला ती मिळाली थेट 2022 मध्ये, साताऱ्यात पृथ्वीराज पाटीलनं जिंकली तेव्हा. मधल्या काळात बापूंनी मॅट, गुण, पंच, ब्रॉयलर कोंबडी आणि युरिया या पाचांना जबाबदार धरलं. गुणांवर त्यांचा विशेष राग. "गुण जुळवून लगीन हुतंय. कुस्तीला पाठ लागाय पायजे."

मग 2023 उजाडलं. जानेवारीत पुण्यात गंगावेश तालमीचा सिकंदर शेख महेंद्र गायकवाडकडून हरला, चार गुण दिले त्यावरून महाराष्ट्रभर गदारोळ झाला. बापूंना अन्न गोड लागेना. नोव्हेंबरात फुलगावला सिकंदर पुन्हा उतरला, फायनलला, समोर शिवराज राक्षे. कट्ट्यावर मोबाईल उभा करून ठेवला होता, भोवती पन्नास माणसं. सलामी झाली. एवढ्यात कुणीतरी बापूंना विचारलं, जानेवारीत नेमकं झालं काय होतं? बापूंनी त्याचं मनगट धरलं आणि सुरुवात केली. ते टांग लावण्यापर्यंत पोचले तेवढ्यात कट्टा किंचाळला. अर्धं मिनिटही झालं नव्हतं. सिकंदरनं झोळी बांधली होती, राक्षे पाठीवर होता, फटाके लागले होते. दहा महिने ज्या क्षणासाठी बापू उपाशी होते तो त्यांच्या पाठीमागं झाला. "काय झालं? काय झालं?" म्हणत ते फिरले तेव्हा पडद्यावर जाहिरात होती. आज ती झोळी बापू इतकी बारकाईनं सांगतात, की प्रत्यक्ष बघणाऱ्यांनाही आपल्या डोळ्यांची शंका येते.

त्याच महिन्यात धाराशिवला दुसऱ्या गटानं वेगळी महाराष्ट्र केसरी भरवली आणि तिथं तोच राक्षे केसरी झाला. संघटना दोन, गदा दोन, केसरी दोन. नातू म्हणाला, "आमच्यात पण तसंच असतंय. रॉचा चॅम्पियन वेगळा, स्मॅकडाउनचा वेगळा." बापू गप्प. 2025 च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला राक्षेनं निकालावरून चिडून पंचाला लाथ मारली, फायनलला गायकवाड चिडून मॅटबाहेर निघून गेला, दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली आणि गदा पृथ्वीराज मोहोळला मिळाली. पुढच्याच महिन्यात कर्जतला दुसरी महाराष्ट्र केसरी, तिथं वेताळ शेळके. नातवानं तोंड उघडण्याआधीच बापू म्हणाले, "काय बोलू नगंस. तुमच्यात पंचाला रोज मारत्यात, म्हाईत हाय."

माझं मत विचाराल, तर बापूंना अन्यायाशिवाय करमत नाही. सरळ पाठ लागलेली कुस्ती ते दोन वाक्यांत संपवतात. वादाची कुस्ती मात्र वर्षभर पुरते. साठ वर्षांपूर्वी त्या पंचानं निकाल बरोबर दिला असता, तर बापू रेवड्या खाऊन मोकळे झाले असते आणि कोल्हापूर एका शौकिनाला मुकलं असतं.

2025 च्या डिसेंबरात डब्ल्यूडब्ल्यूईत जॉन सीनाची शेवटची कुस्ती झाली. गुंथरनं गळा आवळला आणि सीनानं हात आपटून हार मानली. कायमचं जाणाऱ्यानं नव्याकडून हरून जायचं, अशी त्यांच्यात रीत आहे, असं नातवानं समजावलं. बापूंना ती फार आवडली. "आमच्यात निवृत्त पैलवान हरत न्हाई. जिल्हा परिषदेला हुबा राहतो." पण गुंथरची ऐट काही त्यांच्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर त्यांनी जोड जाहीरच केली: गुंथर विरुद्ध गंगावेशचा कुठलाही पोरगा, खासबागेत, मातीवर.

"ठरवून का खरी?" नातवानं विचारलं.

बापूंनी इकडंतिकडं बघितलं, मफलर जरा सैल केला आणि आवाज खाली आणला. "त्येला सांगायचं, ठरवून हाय. तू जिंकायचं. बिनघोर ये म्हणावं." मग त्यांनी नातवाचं मनगट धरलं. "आपल्या पोराला काय सांगायचं ते मी सांगतो."