आप्पांच्या जिभेचा ब्रेक

धाराशिव जिल्ह्यात तालुके आठ, आणि आप्पा गावागणिक किमान एक. परंड्यापासून उमरग्यापर्यंत कुठंही उतरा, एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात रस्त्याकडं तोंड केलेल्या बाकड्यावर ते बसलेले दिसतील. समोरून कुणी चाललं की आप्पा एक वाक्य सोडतात, बाकडं हसतं, जाणारा कसनुसं तोंड करून पुढं सटकतो, आणि आप्पा मागून ओरडतात, "गंमत केली राव! मनाला लावून घिऊ नगंस."

आप्पांचं मुख्य खातं नामकरणाचं. 2023 मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचं धाराशिव झालं, तेव्हा सरकारला अधिसूचना काढावी लागली, लोकांच्या हरकती मागवाव्या लागल्या. आप्पांच्या खात्यात ही भानगड नाही. त्यांनी ठेवलेलं नाव त्याच दिवशी लागू होतं आणि त्यावर अपील नसतं. गल्लीतल्या एका सावळ्या पोरीला ती दहावीत असताना त्यांनी 'उस्मानाबादी' म्हटलं. उस्मानाबादी शेळी बहुतेक काळीभोर असते, हे इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पुढं जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा आप्पांना चिंता पडली, "आता हिला धाराशिवी म्हणायचं का?" बाकडं पुन्हा हसलं. पोरगी आता पुण्यात नोकरी करते. सणाला येते ती स्टँडवर उतरत नाही. अलीकडच्या फाट्यावर उतरते आणि भावाला गाडी घेऊन बोलावते. आईला वाटतं, फाटा जवळ पडत असेल.

दुसरं खातं नकलांचं. बोलताना अडखळणाऱ्या एका पोराची नक्कल आप्पा अशी करतात की तुळजापूरचा 'तु' एका स्टॉपपासून दुसऱ्या स्टॉपपर्यंत पुरावा. ते पोरगं आता कंडक्टरपुढं तोंडच उघडत नाही. मोबाईलवर गावाचं नाव लिहून पुढं धरतं. दिव्यांगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा आहे. त्यात चारचौघांत दिव्यांग माणसाचा जाणूनबुजून अपमान करणाऱ्याला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. 2025 मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानं दिव्यांगांवर विनोद करणाऱ्या काही विनोदवीरांना जाहीर माफी मागायला सांगितलं. ही बातमी बाकड्यावर वाचली गेली तेव्हा आप्पा मनापासून हळहळले. "चुकलंच त्यांचं. क्यामेऱ्यापुढं कशाला बोलायचं?"

गाव त्यांना सांभाळून घेतं. माणूस मनानं वाईट नाही, जिभेला हाड नाही एवढंच, असं प्रमाणपत्र वर्षानुवर्षं मिळत आलंय. पण एखादा साहेब आला की बघावं. बँकेच्या साहेबांचं टक्कल भर उन्हात चकाकत असतं, आणि आप्पांना त्यात विद्वत्ता दिसते. फौजदारांचं पोट त्यांच्या आधी हॉटेलात शिरतं, आप्पा उठून त्या पोटाला जागा करून देतात. एका पुढाऱ्याचा पीए बोलताना अडखळतो. आप्पा हात जोडून, मान तुकवून, त्याचं वाक्य पुरं होईस्तोवर उभे राहतात. मधे हूं की चूं नाही. म्हणजे नक्कल कुणाची करायची आणि कुणाची नाही, हे जिभेला पक्कं ठाऊक आहे. हाड नसेल तिला, पण ब्रेक आहे, आणि तो वेळेवर लागतो.

स्वतःच्या बाबतीतही लागतो. आप्पा एकदा सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहिले. पडलेली मतं घरातल्या मतदारांपेक्षा कमी निघाली. एका पोरानं एवढंच विचारलं, "आप्पा, घरात फुटलं कोण?" त्या पोराशी आप्पांनी वर्षभर अबोला धरला. गंमत मनाला लागते, हा शोध त्यांना त्या वर्षी लागला; पण तो फक्त स्वतःच्या मनापुरता.

एका बाजारच्या दिवशी मात्र बाकडं हसलं नाही. सोयाबीन पाण्यात गेलेला, डोक्यावर कर्ज असलेला एक शेतकरी बैलासाठी नवा कासरा घेऊन चालला होता. आप्पांनी हाक मारली, "काय रं, दोर मजबूत बघून घेतलास नव्हं?" माणूस नेहमीसारखा कसनुसा हसला. मागून त्याची बायको येत होती. तिनं काही न बोलता त्याच्या हातातून कासरा घेतला, स्वतःच्या पिशवीत खाली दाबला आणि वर भाजी ठेवली. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची नोंद कलेक्टर कचेरीला ठेवावी लागते, असा आपला जिल्हा. तिला विनोद समजायला वेळ लागला नाही.

"आप्पा, हे जरा जास्तीच झालं," कुणीतरी म्हणालं. आप्पांनी लगेच तेरच्या गोरोबाकाकांना साक्षीला आणलं. काकांनी संतांच्या मेळ्यात थापटणं घेऊन एकेकाचं डोकं ठोकून पाहिलं आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ही कथा इथं शाळकरी पोरालाही पाठ. "काकांनी ठोकलं म्हणून नामदेव पक्कं झालं. मग मी ठोकलं तर कुठं बिघडलं?" आप्पा अर्धी कथा गाळतात. काकांचं थापटणं ज्ञानदेवांच्या आणि निवृत्तिनाथांच्या डोक्यावरही बसलं होतं. रांगेतला थोरामोठा एकही सुटला नव्हता. आप्पा ठोकायला सुरुवात करतात ती रांगेच्या शेवटून, आणि कडक इस्त्रीचा पहिला शर्ट दिसला की त्यांचा हात दुखू लागतो. शिवाय नामदेवांना पुढं विसोबा खेचर गुरू भेटले. कासरा नेणाऱ्याला पुढं भेटणार ती बँकेची नोटीस.

हॉटेलवाल्या मावशींनी हे सगळं ऐकलं. त्या भांडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळेचे स्थूल मास्तर गाडीतून उतरले तसे आप्पा म्हणाले, "मास्तर आले. एसटीचं टायर बसलं!" मावशींनी गाळणी हातातच धरून विचारलं, "म्हंजे कसं, आप्पा?"

"अगं, मास्तर जाड हायती नव्हं?"

"हायती की. मग?"

"मग वजनानं टायर..."

"बसलंय का खरंच?"

"न्हाई गं, बसल्यावानी..."

"मग मास्तरांनी तिकीट काढलं नव्हतं व्हय?"

बाकडं गप्प. आप्पांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, मग हातवारे करून सांगितलं. तिसऱ्या खेपेला त्यात हसण्यासारखं काय होतं, ते त्यांनाच सापडेना.

मावशींनी कपात चहा ओतला. "न्हाई कळलं बघा, आप्पा. उद्या फौजदारसाहेब येत्याल, त्यांच्या पोटावर हाच इनोद सांगून बघा. ते शिकलेले हायती, त्यास्नी कळंल."